शालूच्या काठाची पँट

यमुताईंनी दिवाळीच्या साफसफाईला पत्र्याची ट्रंक उघडली, तेव्हा त्यांच्या लग्नातला शालू जागच्या जागी होता. काठ मात्र नव्हते. दोन्ही बाजूंचे काठ कोणीतरी सरळ रेषेत कापून नेले होते. हे काम उंदरांचे नव्हते. उंदीर वेडेवाकडे कुरतडतात, आणि नंतर शालूची नीट घडी घालून वर डांबरगोळ्या ठेवत नाहीत.

"मुकुंदा, बाहेर ये बरं."

मुकुंद आतल्या खोलीतून बाहेर आला. वय तेवीस, नोकरी टेलिफोनच्या कचेरीत कारकुनाची, केस खांद्याच्या खाली. कचेरीत तो केस टोपीत कोंबून बसायचा आणि नवस बोललोय असे सांगायचा. आत्ता त्याच्या डोळ्यांत काजळ होते, ओठांना लाली होती, आणि पँट इतकी घट्ट होती की तो गुडघे न वाकवता चालत होता. पँटच्या दोन्ही बाजूंना, कमरेपासून घोट्यापर्यंत, यमुताईंच्या माहेरचा जरीचा काठ झळकत होता.

"हे काय घालून राहिला आहेस?"

"पँट, आई."

"ते दिसते मला. तिला माझा काठ कसा आला?"

"रागावू नको ना. ट्रंकेत पडून काठाची जर काळी पडली असती. आता चार लोक तरी पाहतील."

"येतात तरी का चार लोक तुम्हाला पाहायला?"

यमुताई रागाच्या भरात बोलून गेल्या, पण मुकुंदचे तोंड एवढेसे झाले. कारण नेमके तेच दुखणे होते.

हे १९८८ साल. त्या वर्षी नागपुरात हेवी मेटल वाजवणारे चार ग्रुप होते. हेवी मेटल म्हणजे विलायती गाण्यांतला सगळ्यांत मोठ्या आवाजाचा प्रकार. गिटारचा आवाज मुद्दाम फाडायचा, ड्रम जीव तोडून बडवायचे आणि गाणाऱ्याने दाढ दुखत असल्यासारखे ओरडायचे. ऐकणाऱ्याला आधी वाटते की काहीतरी बिघडले आहे. पण एकदा ते कानात बसले की मग दुसरे काही गोड लागत नाही.

चारपैकी तीन ग्रुप काळे कपडे घालत, हसत नसत आणि मरणाबिरणाची गाणी म्हणत. चौथा ग्रुप मुकुंदचा. नाव सिल्व्हर कोब्रा. गिटार आणि गाणे मुकुंदचे, ड्रम इंदोऱ्याच्या नत्थूचे, आणि जाड तारांची बेस गिटार रुपरावकडे. हे तिघे मेटलमधला ग्लॅम नावाचा प्रकार वाजवत. यात केस फुगवायचे, चेहरा रंगवायचा, चमचमीत कपडे घालायचे आणि पाय थिरकतील अशी गाणी म्हणायची. बाकीचे तिन्ही ग्रुप याला मेटल मानायलाच तयार नव्हते. ते यांना 'लालीवाले' म्हणत आणि रस्त्यात दिसले तर पलीकडच्या फूटपाथवरून जात.

दर वर्षी डिसेंबरच्या पहिल्या रविवारी दुपारी तीन वाजता धंतोलीतल्या एका हॉलमध्ये या लोकांचा मुकाबला होई. हॉलमध्ये खुर्च्या तीनशे. मागच्या वर्षी माणसे आली एकतीस. त्यांतले अकरा जण शेजारच्या दवाखान्यांतल्या पेशंटांचे नातेवाईक होते, आणि ते पंख्याखाली डबा खायला आले होते. यंदा हॉलच्या मॅनेजरने बजावले होते, "अर्ध्या खुर्च्या भरल्या नाहीत, तर पुढच्या वर्षीपासून हा रविवार स्वेटरवाल्याला. तो सेल लावतो. तो येणार आहे त्या दिवशी हॉल मोजायला."

मुकाबला भरवायचा तो मधुसूदन. ब्लॅक फर्नेस या ग्रुपचा म्होरक्या, वय पंचवीस, दिवसा दहावीच्या मुलांना गणित शिकवणारा. मुकुंद नाव द्यायला गेला, तेव्हा मधुसूदनने त्याच्या काजळाकडे बराच वेळ पाहिले.

"हे बघ बे मुकुंद, मेटलची इज्जत आहे एक. तुम्ही आले तर लोक म्हणतील नाटक कंपनी आली."

"लोक म्हणतील? लोक आहेत कुठे?"

मधुसूदनला हे झोंबले. तो म्हणाला, "ठीक. तुझ्या नावावर शंभर माणसं आण. शंभर आले तर चढ स्टेजवर. लाली लावून चढ, नाही तर नऊवारी नेसून चढ."

मुकुंदने घरी येऊन ओळखीची माणसे मोजली. आईला धरून चौदा भरली.

म्हणून त्याने जाहिरात करायचे ठरवले. तिघे पूर्ण साजात इतवारीतल्या एका फोटो स्टुडिओत गेले आणि रंगीत फोटो काढून घेतला. मध्ये शालूच्या पँटमध्ये मुकुंद, एका बाजूला मोरपंखी ब्लाउजमध्ये रुपराव, दुसऱ्या बाजूला गालांवर चमकी लावलेला नत्थू आणि त्याच्या गळ्यात ड्रम. फोटोवाल्याला तो इतका आवडला की त्याने मोठा करून काचेच्या कपाटात, नवरा-नवरीच्या दोन जोड्यांच्या मध्ये लावला. खाली ग्रुपचे नाव आणि मुकुंदचा पत्ता.

चारच दिवसांनी पांढऱ्या धोतरातले, गळ्यात उपरणे घातलेले एक गृहस्थ पत्ता विचारत मुकुंदच्या दारात आले. नाव गणपतराव. मौद्याच्या पलीकडच्या खैरटोलीचे पाटील.

"कोब्रा पार्टी इथंच हाये का?"

"हो. मीच."

"फोटोतले मधले?"

"मधला मीच."

गणपतरावांनी त्याला वरून खाली आणि खालून वर पाहिले, बैलबाजारात पाहतात तसे.

"केसं खरे हायेत?"

"खरे आहेत."

"वा गा वा! आता कोनी वाढवत नाई. समदे टोप घालून काम भागवतेत."

मुकुंदने केस खांद्यावरून पुढे घेतले. त्याचे केस आजवर कोणी वाखाणले नव्हते.

"आमच्या खैरटोलीची मंडई हाये पुढच्या बुधवारी," गणपतराव म्हणाले. "तुमची पार्टी पाहिजे."

दिवाळीनंतर तिकडच्या गावोगाव भरणारी जत्रा म्हणजे मंडई, एवढे मुकुंदला ठाऊक होते. जत्रेत पाळणे असतात, जिलेबी असते, मग मेटल का नसावे, असे त्याला वाटले.

"लोक किती येतील, काका?"

"यंदा कमीच येतीन. चार-पाच हजार."

मुकुंद पटकन खाली बसायला गेला, आणि पँट आठवून तसाच उभा राहिला.

"आवाज मोठा हाये ना तुमचा?" गणपतरावांनी विचारले. "गेल्या साली मांगच्या लोकायले ऐकूच नाई आलं. लय बोंबलले."

"आवाजाची चिंताच करू नका. आमचा आवाज थेट मौद्याला जाईल."

"अन् नाचता तं येते?"

"नाचल्याशिवाय आमचं गाणंच होत नाही."

"मंग झालं!" गणपतरावांनी खिशातून विड्याच्या पानात बांधलेली सुपारी काढली आणि मुकुंदच्या हातावर ठेवली. "बुधवारी दुपारी बारा वाजता. या, वाट पाह्यतो."

पाहुण्याने प्रेमाने दिलेली वस्तू नुसती हातात धरणे मुकुंदला बरे वाटले नाही. त्याने ती तोंडात टाकली. गणपतराव क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिले, मग खूश होऊन हसले. "पक्का गडी हाये!" म्हणत ते निघून गेले.

मुकुंद सायकल हाणत इंदोऱ्याला पोचला. नत्थूची आई भीमाबाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. नत्थूचे मामा चंपतराव बाजेवर बसून डफाला ऊब देत होते. नत्थू मायची पितळी परात दोरीला टांगून झांज म्हणून वाजवून पाहत होता.

"पाच हजार लोक, नत्थू! पाच हजार! त्यातले शंभर नाही येणार का नागपूरला?"

सगळी हकीकत ऐकताना नत्थूचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"त्यानं केसं खरे हायेत का इचारलं?"

"हो."

"नाचता येते का इचारलं?"

"हो ना."

"अबे येड्या, त्यानं आपल्याले खडी गंमत समजून बुक केलं!"

खडी गंमत हा तिकडचा जुना खेळ. उभ्याउभ्याने करायचा. गाणारा शाहीर, डफ, ढोलकी, तुणतुणे, मागे 'जी जी' करून झील ओढणारे, आणि समोर बाईच्या वेषात नाचणारा पुरुष. त्याला नाच्या म्हणतात. फोटोत गणपतरावांना एक ढोलवाला आणि दोन नाचे दिसले होते. यात त्यांची काहीच चूक नव्हती.

"मग सांगू त्यांना, की चूक झाली," मुकुंद म्हणाला.

"सांगून कसं चालन?" चंपतराव पहिल्यांदाच बोलले. "सुपारी घेतली तं शब्द झाला. आमच्यात सुपारी घेऊन न गेलेल्या पार्टीले पुन्हा कोनतंच गाव उभं करत नाई. परत करायची असन तं सुपारी त्यायच्या हातावर ठेवा लागते. कुठाय सुपारी?"

मुकुंदने खाली पाहिले. "खाल्ली."

"खाल्ली?"

"मला वाटलं, प्रेमाने दिली."

भीमाबाईंच्या हातातले सूप थांबले. "काहून खाल्ली रे बाबू? घरी खायले नाई भेटत का तुले?"

नत्थू परातीखाली डोके धरून बसला. चंपतरावांनी मात्र फोटो मागून घेतला आणि उजेडाकडे धरला. तरुणपणी चंपतराव स्वतः नामांकित नाच्या होते. छप्पन सालच्या दीक्षेनंतर त्यांनी पायातले चाळ काढून ठेवले, डफ हाती घेतला आणि भीमगीते गायली. चाळ अजून पेटीत होते.

एकाएकी ते खो-खो हसायला लागले.

"अवं भीमा, पाह्य वं! हे तं आपलंच काम होय. लुगड्याची पँट केली, बस. बाकी काजळ तेच, लाली तेच."

"मामा, लोक आम्हाला लालीवाले म्हणतात," मुकुंद म्हणाला.

"आमाले बायल्या म्हनत. दिवसा नाकं मुरडत, अन् गंमत उभी झाली का पयल्या रांगेत येऊन बसत." चंपतरावांनी डफावर एक थाप दिली. "खाल्ली तं खाल्ली. आता पचवा लागन. मी येतो संगं."

बुधवारी खैरटोलीच्या मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. बैलगाड्या, सायकली, पाळणे, फुगे, जिलेबीच्या कढया. विहिरीवरच्या पंपाच्या लाइनीवरून वायर ओढून आणली होती. झाडांना बांधलेले आठ कर्णे चारही दिशांना तोंड करून होते. तिघांना पाहताच बायांनी गराडा घातला.

"अवं, हा तं शालूचा काठ होय! असल जरीचा!"

"कोनाचा हाये गा?"

"आईचा," मुकुंद म्हणाला.

"देल्ला तिनं?"

"नंतर देल्ला," मुकुंदही नकळत तसाच बोलून गेला, आणि बाया पोट धरून हसल्या.

बरोबर बारा वाजता गणपतरावांनी नारळ फोडला आणि हाताने खूण केली. मुकुंदने देवाचे नाव घेतले, गिटारच्या तारांवर हात मारला आणि जीव खाऊन ओरडला.

पंपाच्या लाइनीला असला भार माहीत नव्हता. आवाज आधी खोल गेला, मग उसळून वर आला आणि आठही कर्ण्यांतून एकदम फुटला. बाभळीवरचे सगळे बगळे उडाले. एक बैलजोडी गाडीसकट उधळली आणि जिलेबीवाल्याच्या मांडवातून आरपार गेली. मांडवाचे कापड शिंगांत अडकवून ती विहिरीला दोन फेरे घालून थांबली. पाळण्यात वर अडकलेली माणसे वरच राहिली, कारण पाळणेवाला पळून गेला होता. आणि मग सगळे मैदान गप्प झाले. पाच हजार माणसे तोंड उघडे टाकून पाहत होती.

"हे काय होय?" गणपतराव म्हणाले. मुकुंदला त्यांच्या डोळ्यांत आपले भविष्य दिसले, आणि ते बरे नव्हते.

तेवढ्यात चंपतरावांनी माइक ओढला.

"मंडळी, घाबरू नोका! हा शहरातला गण होय! जोरात म्हना लागते, काहून का शहरात गर्दी लय, देवाले ऐकू जात नाई!"

कोणीतरी खुदकन हसले. मग शेजारचा हसला. हसू मागच्या रांगांपर्यंत पोचायच्या आत चंपतरावांनी डफ उचलला, नत्थूकडे पाहून मान हलवली आणि ठेका धरला. नत्थूच्या हाताने तो ठेका लगेच ओळखला, कारण त्याच ठेक्यावर त्याला पाळण्यात झोपवलेले होते. त्याने तो ड्रमवर घेतला, दुप्पट केला, परातीवर आपटला. मुकुंदची गिटार त्यात घुसली. त्याने पहिली ओळ म्हटली. शब्द इंग्रजी होते, कोणालाही कळले नाहीत. पण ओळीच्या शेवटी जागा रिकामी राहिली, आणि चंपतरावांनी त्या जागी आभाळाकडे तोंड करून झील ओढली, "हो जी जी जी!"

दुसऱ्या ओळीला समोरच्या दहा-बारा म्हाताऱ्यांनी झील ओढली. तिसऱ्या ओळीला अख्ख्या मैदानाने.

पाच हजार गळ्यांचा 'जी जी' छातीवर येऊन आदळतो तेव्हा काय होते, हे मुकुंदला त्या दिवशी कळले. त्याचे केस मोकळे सुटले. तो धावला, उडाला, गुडघ्यावर घसरला. पँट डाव्या गुडघ्यावर उसवली, तरी त्याला पत्ता नव्हता. पहिल्या रांगेतला एक म्हातारा मात्र रुपराववर समाधानी नव्हता.

"अबे मोरपंखी! कंबर लवव ना! खांब गाडल्यावानी काहून उभा हायेस?"

"मी बेस वाजवतो, बाबा!"

"वाजव ना! वाजवू नोको म्हनलं का? वाजवता वाजवता लवव!"

रुपरावने लववली. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की त्याने पुढचा तासभर ती सरळ केली नाही.

तास म्हणता म्हणता तीन तास झाले. प्रत्येक गाणे दोनदा म्हणायला लागले, एक तर चारदा. जिलेबीवाला उरलेली जिलेबी घेऊन स्वतः मंचाजवळ आला. पाळण्यात वर अडकलेल्यांनी खाली यायला नकार दिला, कारण तिथून चांगले दिसत होते. शेवटी एका आजीबाईंनी मुकुंदच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटे मोडली.

तेव्हा मुकुंदने धापा टाकत माइक धरला. "मंडळी, येत्या डिसेंबरच्या पहिल्या रविवारी आमचा नागपुरात मुकाबला आहे. तीन ग्रुप आमच्या विरुद्ध आहेत. ते म्हणतात, तुमचं ऐकायला शंभर माणसं येत नाहीत."

मैदानात कुजबुज झाली. मग ती वाढली. गणपतराव उपरणे झटकत उठले.

"कोन म्हनते? आमच्या पार्टीले कोन म्हनते?"

डिसेंबरच्या त्या रविवारी पावणेतीन वाजता धंतोलीच्या हॉलमध्ये सव्वीस माणसे होती. त्यांपैकी नऊ डबे खात होती. स्वेटरवाला टेप घेऊन भिंती मोजत होता आणि लोकरी टोप्या कुठे टांगायच्या हे मॅनेजरला दाखवत होता. मधुसूदन काळ्या कपड्यांत दाराशी उभा होता. समोर सजून आलेला मुकुंद, शेजारी यमुताई. त्यांनी पँटचा गुडघा स्वतः शिवून दिला होता, आपला शालू लोकांनी उसवलेला पाहू नये म्हणून.

"किती झाले तुझे?" मधुसूदनने विचारले.

"येतील."

"दहा मिनिटं आहेत, मुकुंद. राहू दे बे. मला आनंद नाही होऊन राहिला यात." आणि ते खरे होते. सव्वीस माणसे ही त्याचीही हार होती. त्या हॉलमध्ये तो पंधराव्या वर्षी पहिल्यांदा वाजवायला उभा राहिला होता.

तीनला दोन मिनिटे असताना रस्त्यावर हॉर्न वाजले. धानाची पोती वाहणारे तीन ट्रक दवाखान्यांच्या गल्लीत शिरले, आणि मागून एक ट्रॅक्टर. पहिल्या ट्रकच्या टपावर गणपतराव उपरणे फडकवत उभे होते. मागे बाया, म्हातारे, कडेवरची लेकरे, डफ, तुणतुणी. वाटेतल्या दोन नर्सना वाटले की मोठा अपघात झाला आहे. त्या स्ट्रेचर घेऊन धावत आल्या आणि मग तिथेच थांबल्या.

तीनशे खुर्च्या भरल्या. मग पायऱ्या भरल्या, खिडक्या भरल्या, मंचाच्या दोन्ही कडा भरल्या. एका आजीबाईंनी मधुसूदनला ढकलून त्याच्या अँप्लिफायरवर बैठक मारली.

"आजी, त्यातून आवाज येतो."

"येऊ दे रे बाबू. मले कमीच ऐकू येते."

चिठ्ठ्या टाकल्या. पहिला नंबर ब्लॅक फर्नेसचा निघाला. मधुसूदन मंचावर गेला. केस पुढे आलेले, डोळे घट्ट मिटलेले. एवढी माणसे त्याने आयुष्यात समोर पाहिली नव्हती.

"यायच्या घरी कोनी गेलं का वं?" एक बाई शेजारणीला म्हणाली.

"तसंच दिसते. चेहरा बी दाखवून नाई राह्यला बिचारा."

मधुसूदनचे गाणे थडग्याबद्दल होते. संथ, जड आणि प्रत्येक ओळीनंतर लांबलचक शांतता. ती शांतता त्याने सहा महिने खपून बसवली होती. पहिली ओळ संपली. शांतता आली. आणि तीनशे-चारशे माणसांनी, रिकामी जागा सोडणे बरे नव्हे म्हणून, एका सुरात झील ओढली, "हो जी जी जी!"

मधुसूदनने डोळे उघडले. रागाने त्याचे ओठ हलले. कोण हसते आहे ते त्याने पाहिले, पण कोणीच हसत नव्हते. सगळे पुढे वाकून पुढच्या ओळीची वाट पाहत होते. डबेवाल्यांनीही डबे बंद केले होते. त्याने दुसरी ओळ म्हटली. झील आली. तिसऱ्या ओळीला तो मंचाच्या कडेपर्यंत आला. चौथ्या ओळीनंतर त्याने केस मागे सारले, हात कानामागे नेला आणि मुद्दाम दुप्पट वेळ थांबला. झील इतक्या जोरात आली की मॅनेजरच्या खोलीतले घड्याळ खिळ्यावरून पडले. थडग्याचे ते गाणे लोकांनी त्याला तीनदा म्हणायला लावले, आणि तिसऱ्या वेळी मधुसूदन हसत होता. त्याच्या विद्यार्थ्यांना सांगितले असते तर पटले नसते.

त्यानंतर हॉलमध्ये जे झाले त्याची धंतोलीत बरेच दिवस चर्चा होती. पुढचा ग्रुप नाचला, त्याच्या पुढचाही नाचला. सिल्व्हर कोब्राच्या वेळी खैरटोली खुर्च्यांवर उभी राहिली. दोन्ही नर्स स्ट्रेचरवर बसून झील ओढत होत्या. स्वेटरवाल्याने टेप गुंडाळून खिशात टाकला, आणि जागा नसल्यामुळे तो दाराला लटकून पाहत होता. यमुताई शेजारच्या बाईला सांगत होत्या, "काठ माझा आहे बरं का. मूळचा."

निकाल लागला. पंच दोन होते, दोघेही गिटार शिकवणारे. ब्लॅक फर्नेस पहिला. सिल्व्हर कोब्रा तिसरा.

हॉल गरजला. गणपतराव मंचावर चढले. "हे बरोबर नाई! आमची पार्टी तिसरी? पंच कोनाचे? नागपूरचे! मंग असंच होईन!"

"काका, राहू द्या," मुकुंद म्हणाला. त्याला खरेच वाईट वाटत नव्हते. समोर मॅनेजर मधुसूदनला विचारत होता की पुढच्या वर्षी एकच रविवार हवा की दोन, आणि मधुसूदन मुकुंदचा हात धरून उभा होता.

पण गणपतराव गप्प बसणारे नव्हते. त्यांनी खिशात हात घातला, पानात बांधलेली सुपारी काढली आणि सगळ्यांदेखत मधुसूदनच्या हातावर ठेवली.

"पुढच्या मंडईले खैरटोलीत सामना. काळेवाले इरुद्ध शालूवाले. तिथं पंच आमचे! पन एक सांगतो मास्तर, असं सुतकात आल्यावानी नाई चालनार आमच्याकडं. रंगून या लागन. लाली, काजळ, समदं!"

मधुसूदन हातातल्या पुडीकडे पाहत राहिला. मग हळूच मुकुंदकडे झुकला.

"हिचं काय करायचं असतं बे?"

मुकुंदने क्षणभर विचार केला. दाराशी उभ्या चंपतरावांनी त्याच्याकडे पाहून नकारार्थी मान हलवली, पण त्यांच्या मिशीखाली हसू होते.

"खायची," मुकुंद म्हणाला.

मधुसूदनने खाल्ली.

पुढच्या दिवाळीपर्यंत नागपुरात मेटलचे अकरा ग्रुप झाले. चारांत डफ होता, दोनांत तुणतुणे. चंपतरावांनी पेटीतले चाळ काढून घासूनपुसून रुपरावला दिले, आणि दर रविवारी त्याची कंबर ते जातीने तपासत.

मंडईच्या आदल्या आठवड्यात, भर दुपारी, यमुताईंच्या दारात मधुसूदन उभा राहिला. अंगात काळा शर्ट, काखेत गणिताचे पुस्तक. आत शिवणाच्या मशीनचा खडखडाट चालू होता.

"काकू," तो घसा खाकरून म्हणाला, "तो शालू... त्याचा पदर उरला असेल ना थोडा?"

यमुताईंनी मशीन थांबवली नाही. चष्म्यावरून एकदा त्याच्याकडे पाहिले आणि भिंतीकडे बोट केले. तिथे काळ्या शर्टातले चार जण मांडीवर पिशव्या घेऊन ओळीने बसले होते.

"नंबर लाव. आणि शालू आपापल्या आईचा आणायचा. तिला विचारून."